सही कोणाची, वसुली कोणाकडून?

जोडीदाराच्या कर्जाविषयी वाचकांची पत्रे आमच्याकडे सतत येतात. बहुतेक पत्रांत एकच भीती असते : त्याने किंवा तिने केलेले देणे आता आपल्या माथी येणार का? या वेळी अशीच काही पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. उत्तरे भारतातील कायद्याला धरून आहेत. गोव्याचा नियम वेगळा असल्याने तो त्या पत्राच्या उत्तरात सांगितला आहे.

प्रश्न : पतीने शेअर बाजारातल्या सट्ट्यासाठी मोबाइल ॲपवरून आणि क्रेडिट कार्डांवर मिळून सुमारे सात लाखांचे कर्ज केले. मला त्याची कल्पना नव्हती. हप्ते थकल्यापासून वसुलीवाले माझ्या मोबाइलवर आणि मी शिकवते त्या शाळेतही फोन करतात. ‘तुम्ही बायको आहात, तुम्हालाच भरावे लागेल, नाहीतर घरातले सामान उचलू,’ असे सांगतात. माझा पगार, दागिने आणि माझ्या नावावरचा फ्लॅट जाईल का?
— एक शिक्षिका, इचलकरंजी

उत्तर : वसुलीवाले सांगतात ते खोटे आहे. लग्न झाले म्हणून नवरा-बायकोची मालमत्ता एक होत नाही आणि देणीही एक होत नाहीत. देणे अंगावर येते ते करारामुळे. कर्जाच्या कागदावर कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही असेल तर बँक तुमच्याकडे येऊ शकते, नसेल तर नाही. मात्र ओटीपी सांगून केलेली डिजिटल संमती हीसुद्धा सहीच धरली जाते, आणि घरात एकमेकांचे फोन, पॅन, आधार सहज हाताशी असतात. त्यामुळे ‘मी सही केलेली नाही’ असे म्हणण्याआधी खात्री करून घ्या.

ती अशी करा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत देतात. चारही काढा, कारण प्रत्येक कर्ज चारही ठिकाणी दिसेलच असे नाही. प्रत्येक कर्जापुढे ते वैयक्तिक, संयुक्त की जामीनदार म्हणून आहे ते लिहिलेले असते. तुम्ही न घेतलेले कर्ज दिसले तर त्याच संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी हरकत नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

दुसरे काम तुमच्या बँकेतले. कर्जाचा हप्ता आपोआप कापला जावा म्हणून कोणते खाते जोडले आहे ते पाहा. बऱ्याच घरांत नवरा-बायकोचे संयुक्त खाते जोडलेले असते आणि बायकोचा पगार त्याच खात्यात येत असतो. मग कायद्याने देणे नसतानाही पैसे तिचेच जातात. पगार फक्त तुमच्या नावाच्या खात्यात वळवा. तुमच्या खात्यावर अशी संमती नोंदलेली आढळली तर ती रद्द करण्याचा अर्ज शाखेत देऊन पोच घ्या.

आता मालमत्तेकडे येऊ. तुमच्या पगाराला हात लागत नाही. लग्नात माहेरकडून, सासरकडून मिळालेले दागिने आणि भेटी हे तुमचे स्त्रीधन आहे आणि त्यावर मालकी केवळ तुमची आहे. प्रतिभा रानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच हे स्पष्ट केले आहे. फ्लॅट तुमच्या नावावर आहे आणि पैसेही तुमचे गेले आहेत, तर खरेदीखत, गृहकर्जाचे उतारे आणि पगाराच्या नोंदी एका फाइलमध्ये लावून ठेवा. हप्ते पतीच्या खात्यातून गेले असतील तर धनको, म्हणजे कर्ज देणारा, वाद उकरू शकतो, आणि त्या वेळी कागदच उपयोगी पडतात.

सामान उचलण्याची धमकी तर निव्वळ धाक आहे. विनातारण कर्जासाठी जप्ती करायची तर आधी दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो, मग जप्तीचा आदेश, आणि सामानाला हात लावतो तो न्यायालयाचा बेलिफ. तेव्हाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कुटुंबाचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक प्रथेप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. मंगळसूत्र त्यातच येते. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन तुम्ही घेतले असेल तर त्याची बिले जपा. बेलिफाने चुकून तुमची वस्तू जप्तीत धरलीच, तर त्याच न्यायालयात आदेश २१, नियम ५८ खाली हरकत घेता येते. ती लिलावाआधीच घ्यावी लागते. उशीर झाला तर न्यायालय ऐकून घेत नाही.

पतीच्या पगाराची मर्यादाही माहीत असू द्या, कारण घर त्यावरही चालते. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. पगार ४०,००० असेल तर महिन्याला जास्तीत जास्त १३,००० रुपये कापले जातील. एकाच हुकूमनाम्यापोटी अशी कपात एकूण २४ महिनेच चालू शकते.

राहिले फोन. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकावणे, शिवीगाळ करणे, कर्जदाराच्या कुटुंबीयांना किंवा मित्रांना त्रास देणे यांना मनाई आहे. कर्जाच्या ॲपला फोनमधील संपर्कयादी वाचण्याचीही परवानगी नाही. शाळेचा नंबर त्यांना तिथूनच मिळाला असेल तर तो वेगळा नियमभंग ठरतो. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर आणि बोलणे वहीत उतरवा, शक्य तर रेकॉर्ड करा. मग कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा : ‘मी या कर्जाची कर्जदार, सहकर्जदार वा जामीनदार नाही. माझी सही असल्यास कागदाची प्रत पाठवा. यापुढे माझ्याशी व माझ्या कामाच्या ठिकाणी संपर्क करू नये.’ ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते आणि शुल्क लागत नाही. वकीलही लागत नाही. फोटो मॉर्फ करण्याची धमकी आली, किंवा ॲपमागे कोणती नोंदणीकृत कंपनी आहे तेच सापडत नसेल, तर लोकपालाची वाट पाहू नका. लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे.

एक कळकळीची सूचना. ‘आत्ता पाच हजार भरा, मग त्रास देणार नाही,’ असे सांगून तुमच्याकडून लेखी हमी किंवा व्हॉट्सॲपवर ‘मी भरते’ असे शब्द घेतले जातात. पतीला मदत करायची असेल तर पैसे त्यांच्या खात्यात द्या आणि हप्ता त्यांना भरू द्या. वसुलीवाल्याला तुमच्या नावाने काहीही लिहून देऊ नका.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचे चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्यावर बँकेचे साडेचार लाखांचे वैयक्तिक कर्ज आणि पतसंस्थेचे दोन लाख आहेत. बँकेचे लोक एका कागदावर सही मागतात, म्हणजे ‘कर्ज तुमच्या नावावर करून हप्ता कमी करू’. सही करू का? सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावले तर कर्जही माझ्यावर येईल असे भावकीतले सांगतात.
— वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, सही करू नका. आज ते कर्ज तुमचे नाही. ती सही केल्यावर मात्र ते तुमचे होईल, आणि मग तुमचा स्वतःचा पगार आणि स्त्रीधनही त्यात ओढले जाईल.

माणूस गेल्यावर त्याचे देणे त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फिटते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे वारसाची जबाबदारी मृताची जेवढी मालमत्ता हाती आली तेवढ्यापुरतीच असते. त्यांची जमीन, ठेव, गाडी मिळून तीन लाख निघाले आणि देणे साडेसहा लाख असले, तर वरचे साडेतीन लाख तुमच्याकडून किंवा मुलांकडून मागता येत नाहीत. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, या आधारावर मुलांवर दावा करण्याची वाटही ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या कर्जांसाठी बंद झाली आहे.

पण पैसे भरण्याचा विचार करण्याआधी पैसे येण्याचे मार्ग तपासा. इथे अनेक कुटुंबांचे लाखोंचे नुकसान होते, केवळ विचारले नाही म्हणून. वैयक्तिक कर्ज देताना बँका बहुतेकदा कर्जाचा विमा उतरवतात आणि त्याचा हप्ता कर्जातूनच कापतात. मंजुरीपत्र मागा आणि पहिल्या वितरणाच्या दिवशी किती रक्कम कापली ते पाहा. विमा असेल तर शिल्लक कर्ज विमा कंपनी फेडते. पतसंस्थेतही कर्ज सुरक्षा निधी किंवा विमा आहे का ते विचारा. मग त्यांच्या बचत खात्याचा उतारा पाहा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे, तिचे दोन लाख मिळतात. २० रुपयांची कपात ही सुरक्षा विमा योजना, पण ती अपघाती मृत्यूसाठी असते, तुमच्या बाबतीत लागू होणार नाही. ते नोकरीत असतील आणि त्यांचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर निधीशी जोडलेला विमाही आहे, त्याची कमाल रक्कम सात लाख आहे. कुटुंब निवृत्तिवेतन तुमचे स्वतःचे. निधीची रक्कम मृत सभासदाच्या कर्जापोटी जप्त होत नाही, त्यामुळे ती ‘आधी कर्जात वळती करू’ असे कोणी म्हणाले तर ठाम नकार द्या.

वारस नोंद जरूर करा. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे देऊन अर्ज करावा लागतो. कायद्याने त्याला तीन महिन्यांची मुदत दिलेली आहे. ती उलटली असली तरी आता वेळ न घालवता अर्ज द्या. नोंद झाल्याने तुम्ही व्यक्तिशः कर्जदार होत नाही. जमिनीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तो सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात दिसतो आणि जमिनीबरोबर चालतो, नाव कोणाचेही असो. नोंद न केल्याने बोजा उतरत नाही. उलट भावकीला परस्पर व्यवहार करायला मोकळीक मिळते. सासूबाई हयात असतील तर त्याही वारस आहेत, त्यांचे नाव वगळू नका.

त्यांच्या मालमत्तेतून जे आले आणि दवाखान्याची बिले, क्रियाकर्म, इतर देणी यांवर जे गेले, त्याचा हिशेब पावत्यांसह एका वहीत ठेवा. उद्या बँकेने दावा केला तर न्यायालय हाच हिशेब मागते. आणि पतसंस्थेच्या जामीनदारांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण संस्था आता त्यांच्याकडे जाईल. त्यांनी रक्कम भरली तर तेही तुमच्या पतीच्या मालमत्तेतूनच मागू शकतात, तुमच्या खिशातून नाही.

प्रश्न : पतीच्या दुकानासाठी पतसंस्थेचे कॅश क्रेडिट आहे. त्यावर मी जामीनदार आहे आणि पगार कपातीचे संमतिपत्रही दिले आहे. दुकान नीट चालत नाही. जामीनकी मागे घेता येते का?
— सरकारी कर्मचारी, लातूर

उत्तर : अर्धवट घेता येते, आणि ती आजच घ्यावी. कॅश क्रेडिटमध्ये पैसे काढणे-भरणे चालूच असते, म्हणून ही चालू हमी ठरते. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे अशी हमी पुढच्या उचलीपुरती नोटीस देऊन रद्द करता येते. नोटिशीच्या दिवशी जेवढी बाकी आहे तेवढी जबाबदारी मात्र राहते. एकरकमी दिलेल्या मुदत कर्जात ही सोय नाही, कारण तिथे पुढची उचलच नसते. नोटीस रजिस्टर पोस्टाने द्या, त्यात त्या दिवसाची बाकी लेखी मागा आणि पोचपावती जपा. हमीपत्रात ‘जामीनदार हे हक्क सोडून देत आहे’ अशा ओळी छापलेल्या असतात, त्या आधी वाचून घ्या. मर्यादा पाच लाखांची आठ लाख केली आणि त्या कागदावर तुमची सही नसेल, तर कलम १३३ चा, म्हणजे जामीनदाराच्या संमतीशिवाय करार बदलल्याचा मुद्दाही तुमच्या बाजूने येतो.

‘आधी कर्जदाराकडून वसूल करा, दुकानातला माल विका, मग माझ्याकडे या,’ असे जामीनदाराला म्हणता येत नाही. जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि संस्था पगारदार माणसाकडे आधी वळते, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ खाली तुमच्या संमतिपत्रावरून पगारातून थेट कपात करता येते. न्यायालयात जावेच लागत नाही.

थकबाकी झाली तर संस्था निबंधक कार्यालयात कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. त्या सुनावणीची नोटीस येते तेव्हा बहुतेक जामीनदार घाबरून किंवा आळसाने जात नाहीत. इथेच सगळे बिघडते. सही, रक्कम, व्याजाचा दर, मधे भरलेले पण जमा न दाखवलेले हप्ते या सगळ्या हरकती तिथेच लेखी मांडायच्या असतात. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. पुढे वसुली अधिकारी कलम १५६ खाली जंगम आणि स्थावर मालमत्तेची जप्ती करू शकतो.

तुम्ही जे भराल ते पतीकडून मागण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १४५ खाली तुम्हाला आहे. दुसरा जामीनदार असेल तर तुम्ही दोघे निम्म्या-निम्म्या भाराचे धनी. प्रत्येक भरण्याची पावती ‘जामीनदार या नात्याने’ असे लिहून घ्या, नाहीतर ती पतीनेच भरल्याची नोंद होते आणि हा हक्क सिद्ध करणे अवघड जाते.

प्रश्न : आम्ही परस्पर संमतीने घटस्फोट घेत आहोत. फ्लॅट आणि गृहकर्ज दोघांच्या नावावर आहे. फ्लॅट आणि हप्ते दोन्ही पतीकडे राहतील असे संमती अटींत लिहिले आहे. एवढे पुरेसे आहे ना?
— वाचक, पुणे

उत्तर : नाही. संमती अटी तुम्हा दोघांना बांधतात, बँकेला नाही. बँकेच्या लेखी तुम्ही दोघेही पूर्ण कर्जाचे कर्जदार आहात, निम्म्याचे नव्हे. दोन वर्षांनी त्यांनी हप्ते थांबवले तर तुमचा सिबिल स्कोअर पडेल आणि ‘६० दिवसांत कर्ज फेडा’ अशी बँकेची नोटीस तुमच्याही पत्त्यावर येईल. त्या नोटिशीपर्यंत गोष्ट गेलीच तर लेखी हरकत लगेच पाठवा, बँकेला तिचे उत्तर १५ दिवसांत द्यावे लागते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात.

हे टाळायचे तर क्रम असा ठेवा. आधी पतीने बँकेकडे सहकर्जदार वगळण्याचा अर्ज करायचा. बँक त्यांचे एकट्याचे उत्पन्न तपासते. ते पुरत नसेल तर त्यांच्या आई-वडिलांना सहकर्जदार घेणे, कर्ज दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर नेणे, किंवा काही रक्कम एकदम भरून कर्ज खाली आणणे हे मार्ग उरतात. यातले काहीच जमत नसेल तर फ्लॅट विकून कर्ज फेडणे आणि उरलेली रक्कम वाटून घेणे हाच सुरक्षित उपाय आहे, भावनेने कितीही कठीण वाटला तरी. बँकेने तुम्हाला मोकळे केल्याचे पत्र हाती पडेपर्यंत तुमचा हिस्सा सोडू नका.

बँकेचे ना हरकत पत्र मिळाले की तुमचा निम्मा हिस्सा पतीला नोंदणीकृत बक्षीसपत्राने द्या. महाराष्ट्रात निवासी मालमत्ता पती किंवा पत्नीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. महापालिका हद्दीतला अधिभार लागू असल्यास तो वेगळा. ही सवलत नवरा-बायको असेपर्यंतच आहे. म्हणून बक्षीसपत्राची नोंदणी घटस्फोटाचा हुकूम होण्याआधी उरका. हुकूम झाल्यावर त्याच कागदाला पूर्ण मुद्रांक शुल्क लागते, आणि पुण्यातल्या फ्लॅटला ते लाखांत जाते.

प्रश्न : बायकोने मायक्रोफायनान्स कंपनीकडून गटात कर्ज घेतले. हप्ता चुकला की कंपनीचा माणूस रात्री दारात येऊन बसतो आणि मला म्हणतो, ‘घरमालक तुम्ही, तुम्ही भरा.’
— रिक्षाचालक, नागपूर

उत्तर : कर्ज देताना कंपनीने पती, पत्नी आणि अविवाहित मुले यांचे एकत्र उत्पन्न धरलेले असते, कारण वर्षाला तीन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांनाच हे कर्ज मिळते. उत्पन्न एकत्र मोजले म्हणून देणे एकत्र होत नाही. पण कर्जपत्र नक्की पाहा. या कर्जांत नवऱ्याची सहकर्जदार म्हणून सही सर्रास घेतली जाते आणि नवरा ती ‘साक्षीदाराची’ समजून करतो. सही असेल तर तुम्हीही देणेकरी.

सही असो वा नसो, रात्री दारात बसता येत नाही. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. वसुली ठरलेल्या जागी करायची असते. त्या जागी कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आली नाही तरच घरी येता येते. या कर्जाला तारण घेता येत नाही, त्यामुळे कोणी रिक्षाचे कागद ठेवून घेतले असतील तर ते परत मागा.

व्यक्तीने वही ठेवून व्याजाने पैसे दिले असतील तर मात्र आधी त्याचा परवाना विचारा. विनापरवाना सावकारीची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे तो गुन्हा आहे.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. एका ग्राहकाच्या पत्नीने वहीवर ३८ हजारांचा माल नेला. आता नवरा म्हणतो, ‘मी सांगितले नव्हते.’ पैसे कोणाकडे मागू?
— दुकानदार, संगमनेर

उत्तर : एकत्र राहणारी पत्नी घरखर्चाचा, त्या घराच्या ऐपतीला साजेसा माल उधारीवर नेते तेव्हा ती पतीची प्रतिनिधी मानली जाते. तांदूळ, तेल, साबण यांचे बिल पतीकडे मागता येते. मात्र हे गृहीतक तो खोडू शकतो : घरखर्चाला पुरेसे रोख पैसे दिले होते, किंवा ‘हिला उधार देऊ नका’ असे तुम्हाला बजावले होते, हे त्याने दाखवले तर. तुमच्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा म्हणजे याआधीची बिले त्याने मुकाट भरलेली असणे. ती नोंद शोधा.

नुसत्या वहीतल्या नोंदीवर न्यायालय रक्कम मंजूर करत नाही, सोबत बिले किंवा साक्षीदार लागतात. मुदत माल दिल्यापासून तीन वर्षे. दिवाळीला खाते पूर्ण करताना बाकीवर नवऱ्याची तारखेसह सही घेतली तर त्या दिवसापासून नव्याने तीन वर्षे मिळतात, फक्त ती सही जुनी मुदत संपायच्या आत हवी.

प्रश्न : माझे सासर म्हापशाचे, लग्नाची नोंदणी गोव्यातच झाली. लग्नाआधी कोणताही करार केला नाही. पतीने मला न विचारता धंद्यासाठी कर्ज घेतले आहे. महाराष्ट्रातल्या मैत्रिणी म्हणतात, काळजी करू नको.
— वाचक, म्हापसा

उत्तर : मैत्रिणींचा नियम तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता विवाहाच्या मालमत्तेला आजही लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा वाटा असतो. म्हणूनच १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ५अ ने अशा जोडप्यांचे पगाराखेरीज उत्पन्न निम्मे-निम्मे विभागले.

कर्जाचे उत्तर त्यामुळे दोन भागांत येते. दोघांनी मिळून, तुमच्या संमतीने किंवा संसाराच्या फायद्यासाठी घेतलेले कर्ज सामाईक मालमत्तेवर येते. पतीने तुमच्या संमतीशिवाय स्वतःपुरते घेतलेले कर्ज त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेवर आणि नंतर त्यांच्या निम्म्या वाट्यावर येते, तुमच्या निम्म्यावर नाही. सगळा वाद ‘धंद्याचा फायदा संसाराला झाला का’ यावर होतो. दुकानाच्या उत्पन्नावर घर चालत असेल तर तुमची बाजू कमकुवत आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. घर गहाण टाकायला तुमची संमती लागते, त्यामुळे बँकेने पुढे कोणताही कागद आणला तर वाचल्याशिवाय सही नको. मालमत्तेची पद्धत लग्नानंतर बदलता येत नाही. घरात लग्नाच्या वयाची इतर मुले-मुली असतील तर त्यांनी करार लग्नाआधीच करावा.

प्रश्न : धंद्यात कर्ज वाढले आहे. घर बायकोच्या नावावर केले तर ते वाचेल का?
— लघुउद्योजक, चाकण

उत्तर : कर्ज डोक्यावर असताना केलेले बक्षीसपत्र टिकत नाही. धनकोंना हुलकावणी देण्यासाठी केलेले हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली कोणताही धनको रद्द करून घेऊ शकतो, आणि पत्नीला फुकट दिलेले घर ही शंका घ्यायला पुरेशी जागा असते. शिवाय पत्नीही विनाकारण खटल्यात ओढली जाते.

कुटुंबाला संरक्षण द्यायचे तर विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा, १८७४ च्या कलम ६ खाली आयुर्विमा घ्या. पतीने स्वतःच्या आयुष्यावर पत्नी वा मुलांच्या लाभासाठी घेतलेला असा विमा हा त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी ठरतो आणि पतीच्या धनकोंना त्यावर हात टाकता येत नाही. त्यासाठी विमा घेतानाच वेगळा फॉर्म भरावा लागतो, चालू पॉलिसीला हे कलम नंतर जोडता येत नाही. नुसते नॉमिनी म्हणून नाव टाकणे म्हणजे हे नव्हे. लाभार्थी पुढे बदलता येत नाहीत आणि त्यांच्या संमतीशिवाय पॉलिसीवर कर्जही काढता येत नाही. मुदत विमा यासाठी स्वस्त पडतो. मात्र धनकोंना फसवण्याच्याच हेतूने काढलेला विमा असेल तर विम्याच्या रकमेतून आपले देणे वसूल करण्याचा त्यांचा हक्क राहतो. म्हणून धंदा बरा चालू असताना हे काम करायचे असते.

प्रश्न : पत्नीच्या नावावर डिमॅट आणि ट्रेडिंग खाते आहे, व्यवहार मी करतो. तोटा झाला तर दलाल कोणाला धरेल? आणि संयुक्त खात्याचा माझा धनादेश परत गेला तर तीही गुन्ह्यात येते का?
— वाचक, ठाणे

उत्तर : धनादेशाचे उत्तर सोपे आहे. परत गेलेल्या धनादेशाच्या गुन्ह्यात सही करणाराच येतो. खाते संयुक्त असले तरी सही नसलेल्या पत्नीवर खटला चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ आणि २०२१ च्या निकालांत सांगितले आहे. तिच्या नावाने नोटीस आली तर गप्प बसू नका, ‘मी सही केलेली नाही’ असे उत्तर १५ दिवसांच्या आत पाठवा.

शेअर व्यवहारात मात्र सावध राहा. मुंबईतल्या एका शेअर दलालाच्या प्रकरणात पत्नीच्या खात्यातल्या तुटीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२५ रोजी पतीलाही संयुक्त आणि स्वतंत्रपणे जबाबदार धरले. रक्कम एक कोटी रुपयांच्या वर होती, त्यावर व्याज वेगळे. दोघांची खाती वेगवेगळी होती. पण दोघांनी ती एकत्र चालवण्याचे आणि तोटाही मिळून सोसण्याचे तोंडी ठरवले होते, आणि पतीचा व्यवहारांतला सहभाग दिसत होता. म्हणजे इथे लेखी सही नसतानाही वागण्यातून करार निघाला. तुम्ही पत्नीच्या खात्यात व्यवहार करत असाल तर दलालाकडे तिने सही केलेले अधिकारपत्र द्या आणि त्यात ‘तोट्याची जबाबदारी फक्त खातेदाराची’ असे लिहून घ्या. तुमच्या खात्यातले शेअर तिच्या तुटीत वळवण्याची तोंडी सूचना कधीही देऊ नका. आणि हे तोट्याचे व्यवहार तुम्ही करणार, देणे मात्र तिच्या नावावर राहणार, हे तिला आज स्पष्टपणे सांगा. दर महिन्याचे खातेउतारे तिच्याच ईमेलवर आणि तिच्याच मोबाइलवर येतील अशी नोंद करून घ्या.